खोडण्यासाठी काढलेला कुत्रा

चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, हात राहतात. चित्रं काढायला मी कुणाकडे शिकले नाही. पुण्यात असताना जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढत बसायचे, आणि चेहरे जमत नसत म्हणून आधी हात काढून घ्यायचे. त्यामुळे एप्रिल २०२०मध्ये इथल्या, नेदरलँड्समधल्या मराठी मंडळाच्या झूम मीटिंगला जयप्रकाशच्या चौकोनात डावीकडून एक हात आला आणि चहाचा कप ठेवून गेला, तेव्हा बाकीच्या साठ घरांना कप दिसला आणि मला हात.

अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत भाजल्याची फिकट पट्टी. ती पट्टी माझ्या आईच्या स्वयंपाकघरात पडलेली. आईच्या आंघोळीचं पाणी उतरवताना पातेलं कलंडलं, आणि आईला सांभाळणाऱ्या सुरेखानं तिला मागे ढकलून स्वतःचा हात पुढे केला. आईची शेवटची तीन वर्षं सुरेखानं काढली. मी इकडे ॲमस्टरडॅमजवळ डीमनमध्ये बसून व्हिडिओ कॉलवर ‘औषध घेतलं का’ एवढं विचारायची.

आई गेल्यावर विशाखाचा फोन आला होता. विशाखा म्हणजे जयप्रकाशची बायको. तिच्या पाठीचं ऑपरेशन होतं, तीन महिन्यांसाठी विश्वासाची बाई हवी होती. सुरेखाचा नंबर मीच दिला. जानेवारीत ती त्यांची ‘मावशी’ म्हणून व्हिजिटर व्हिसावर ॲमस्टलवेनला आली. मार्चच्या मध्याला परत गेली, असं विशाखानंच मला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला.

“अगं हो, थांबलीच ती. विमानं बंद झाली ना,” विशाखा म्हणाली.

“तू तर म्हणालीस, गेली.”

“म्हणाले असेन. मृदुलाताई, या दिवसांत कुणाला काय आठवतंय!”

मग फोन जयप्रकाशनं घेतला. तो मंडळाचा अध्यक्ष, आणि माझ्या नवऱ्याच्या, अरुणच्या कंपनीत अरुणच्या दोन पायऱ्या वर. “वहिनी, तुम्ही काळजीच करू नका. तिला आम्ही बाहेरची मानतच नाही. घरातलीच आहे ती.”

घरातलीच. हा शब्द मी आईच्या घरी शेजाऱ्यांसमोर स्वतः वापरलेला होता, म्हणून जास्त झोंबला.

जूनमध्ये वंदे भारतची विमानं सुटायला लागली. युट्रेख्टची संध्या सासऱ्यांना घेऊन पुण्याला पोचलीसुद्धा. सुरेखाची काही खबर नाही. मग एका दुपारी मी सायकल काढली आणि ॲमस्टलवेन गाठलं. पुढचं दार वाजवलं असतं तर क्वारंटाइनचं कारण मिळालं असतं, म्हणून घरांच्या मागच्या बोळातून गेले. सुरेखा अंगणात चादरी वाळत घालत होती. वाळली होती ती स्वतःच.

“ताई? लांब उभ्या राहा हो. साहेब म्हणतात, बाहेरच्यांकडून येतो तो आजार.”

“विमानं सुरू झालीत, सुरेखा.”

तिनं चादरीला लावलेला चिमटा परत काढला. “साहेब तर म्हणतात, अजून वर्षभर नाहीत.”

“पासपोर्ट कुठाय तुझा?”

“त्यांच्या कपाटात. मी हरवीन म्हणून ठेवलाय म्हणतात. दोनदा मागितला. तर म्हणाले, तिकडं जाऊन मरायचंय का?” तिनं आत नजर टाकली आणि आवाज उतरवला. “निळा आहे तो, सगळ्यांचा असतो तसाच. पण माझ्या लेकीनं वर पांढरी चिठ्ठी डकवलीय, ‘सुरेखा’ लिहून. मला इंग्रजी वाचता येत नाही ना, विमानतळावर अदलाबदल नको म्हणून.”

“आपण पोलिसांत जाऊ.”

“नको, नको! पोलीस आले की कसला तरी शिक्का मारतील पासपोर्टावर. गावात म्हणतील, काय करून आली बाई. एवढं करू नका, ताई.” चादर झटकता झटकता ती म्हणाली, “लेकीला दिवस गेलेत. डिसेंबरातली तारीख दिलीय. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, आणि माझ्या घराला कुलूप आहे. ती येणार कुठं?”

येताना कालव्याच्या कडेनं बारा किलोमीटर मी सायकल हाणली. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं तसं येत होतं, पण वारा पाठीमागून होता.

अरुणला सांगितलं. त्यानं लॅपटॉप बंद केला, म्हणजे नीट ऐकलं. “बोलू का मी त्याच्याशी?”

“बोल.”

तो बोलला. जयप्रकाशनं हसून त्याच्या खांद्यावर, म्हणजे अर्थात झूमवरच्या खांद्यावर, हात ठेवला आणि म्हणाला, “अरुण, डिसेंबरला तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलला येतंय ना? त्याकडे लक्ष दे.”

त्या दिवशी मी ठरवलं. सुरेखा घरी गेली की माझं काम संपलं, असं नाही. त्या माणसाला लोकांसमोर लाज वाटली पाहिजे. वाटत नसेल, तर वाटायला लावायची. कशी, ते मात्र ठाऊक नव्हतं.

ते मला एन्कार्नानं शिकवलं.

एन्कार्ना आमच्या खालच्या मजल्यावर राहते. ब्याऐंशी वर्षांची, एकटी, स्पेनची. लॉकडाऊनमध्ये तिचं सामान मीच आणायची. तिच्या बाल्कनीतून ती दोरीला बांधलेली टोपली दाखवायची, मी ती वर ओढून घ्यायची, दूध आणि संत्री भरून खाली सोडायची. मग आम्ही गप्पा मारायचो. ती मान वर करून, मी कठड्यावरून वाकून. तिचं डच साठ वर्षांपूर्वी बिस्किटांच्या कारखान्यात कमावलेलं, माझं गेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, मोफत वर्गातलं. दोघींना व्याकरण बेताचंच, त्यामुळे कुणाला कुणाची लाज नव्हती.

सुरेखाबद्दल एकदा तिला सांगून बसले. दुसऱ्या दिवशी टोपलीत एक पत्र्याचा डबा आला, बिस्किटांचाच.

आत कात्रणं होती. तिच्या भावानं, आन्सेल्मोनं काढलेली व्यंगचित्रं. हुकूमशहा फ्रँकोच्या राज्यात तो एका लहान शहरातल्या साप्ताहिकात चित्रं काढायचा. एकात मोठी छत्री होती आणि तिच्याखाली जमीनदार, पाद्री आणि नगराध्यक्ष. छत्रीचा दांडा लांबलचक, तो उचलून धरणारे चार मजूर बाहेर पावसात. पाद्री म्हणतोय, “ईश्वराचा पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो.” दुसऱ्यात जेवणाचं टेबल. एक पाय तुटलेला, त्या जागी मोलकरीण गुडघ्यावर बसून डोक्यानं टेबल पेलतेय. मालकीण पाहुण्यांना सांगतेय, “आमच्याकडे सगळे एकाच टेबलाशी असतात.”

ते वाचून मी हसले, आणि मग टेबलाखालची मोलकरीण पुन्हा नीट बघितली.

कात्रणांखाली कागदाचे बारके तुकडे होते, चाळीसेक. प्रत्येकावर एकच कुत्रा, भिंतीशी तंगडी वर केलेला, आणि त्याच्यावर लाल पेन्सिलची फुली.

“हे काय?” मी वरून ओरडले.

“ते सेन्सॉरचे कुत्रे!” ती खालून ओरडली.

मग तिनं सांगितलं. छापण्याआधी प्रत्येक पान सरकारी कचेरीत दाखवावं लागे. पानं घेऊन जायचं काम तिचं, तेव्हा ती बावीस वर्षांची. सेन्सॉर म्हणजे जाडा, थकलेला माणूस. त्याला काहीतरी खोडल्याशिवाय साहेबाला तोंड दाखवता येत नसे. म्हणून आन्सेल्मो प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात कुत्रा काढायचा. सेन्सॉर म्हणे, “हा कुत्रा अश्लील आहे, सभ्य घरांत पेपर जातो.” एन्कार्ना हात जोडून म्हणे, “साहेब, चुकलं, काढून टाकते.” तिथेच कात्रीनं कुत्रा कापून खिशात घाले. समाधानानं सेन्सॉर शिक्का मारे. टेबलाखालची मोलकरीण त्याला कधी दिसलीच नाही.

“माणसाला चूक सापडली की तो बघायचं थांबवतो,” एन्कार्ना म्हणाली. “त्याला चूक द्यायची. त्याच्या मापाची.”

डब्यातलं शेवटचं चित्र तिनं मला नीट बघायला सांगितलं. एक शवपेटी, चार कोपऱ्यांना चार अर्धवट जळालेल्या मेणबत्त्या, आणि जमीनदार म्हणतोय, “उरतील त्या परत पाठवा.” हे खरंच घडलेलं होतं. त्यांच्या आईनं एकतीस वर्षं त्या जमीनदाराच्या घरी रांधलं. ती मेली तेव्हा त्यानं आपल्या जेवणघरातल्या वापरलेल्या मेणबत्त्या पाठवल्या. चित्र छापून आलं त्या रविवारी चर्चमध्ये जमीनदाराच्या बाकावर कुणी न बोलता अर्धवट मेणबत्त्या ठेवून गेलं. एक नाही, तीस-चाळीस. त्यानंतर तो सकाळच्या प्रार्थनेला कधी आला नाही.

“आणि आन्सेल्मो?”

“दोन दिवस चौकीत. दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. मग आम्ही इकडे आलो.”

“पण तेव्हा आनंद झाला?”

“खूप,” एन्कार्ना म्हणाली. “अजून होतो.”

सप्टेंबरमध्ये जयप्रकाशचा फोन आला. मंडळाच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ दर वर्षी मीच करते. फुकट, आणि गेल्या वर्षी तर नावाशिवाय. ‘मुखपृष्ठ : वहिनींचा छंद’ असं त्यानं भाषणात म्हटलं होतं आणि सगळे हसले होते.

“वहिनी, यंदा लक्ष्मीपूजन काढा. आणि असं करा ना, आमच्याच घरचं काढा. झोपाळा, पितळी मोर, सगळ्यांना झूमवर पाठ झालंय. लोकांना आपलं वाटेल.”

“काढते की,” मी म्हटलं. माझा आवाज इतका गोड झाला की अरुणनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं.

चित्राला मी दहा दिवस घेतले. झोपाळा, मोर, विशाखा पैठणीत, जयप्रकाश सोवळ्यात. मध्ये चौरंग, त्यावर लक्ष्मी आणि गणपती. पुढ्यात आपण जे मांडतो ते : दागिने, चांदीची नाणी, किल्ल्या, आणि त्यांच्यात एक निळा पासपोर्ट, गणपतीच्या अगदी शेजारी. पासपोर्टवर पांढरी चिठ्ठी. चिठ्ठीवर मोहरीएवढ्या अक्षरांत ‘सुरेखा’. चित्राच्या डाव्या कडेतून आत येणारा एक हात, चहाच्या कपासह, मनगटावर फिकट पट्टी.

मी काहीही लपवलं नाही. मग कुत्रे काढले. गणपतीची सोंड उजवीकडे वळवली. विशाखाच्या पायात चपला घातल्या. समईत चार वाती लावल्या.

चित्र समितीच्या ग्रुपवर टाकलं आणि चहा ठेवला. उकळी यायच्या आत नायमेखनच्या शामलाकाकूंचा व्हॉइस मेसेज आला. काकू पंचाहत्तरीच्या, मंडळातलं धर्मशास्त्र त्यांच्याकडे. “मृदुला, अगं हे काय केलंस! उजव्या सोंडेचा गणपती घरात? सोवळं कोण पाळणार त्याचं? आणि पूजेला चपला?”

त्यावर आशुतोषनं, तो मंडळाचा सचिव, लिहिलं की इथे फरशी गार असते, घरातल्या स्लिपर चालतात. काकूंनी विचारलं, “देवाला चालतात का?” कुणी उजव्या सोंडेची लिंक पाठवली, कुणी डाव्या सोंडेची. वातींचा प्रश्न वेगळा पेटला. समईचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे चित्रावरून कसं ठरवायचं यावर दीड दिवस गेला. एकूण चार दिवस आणि दोनशे सव्वीस मेसेज. पासपोर्टबद्दल एकही नाही. हाताबद्दल एकही नाही.

पाचव्या दिवशी अध्यक्षांचा निर्णय आला. त्यानं फोनच केला. “वहिनी, सोंड डावी करा, चपला काढा, वाती पाच करा. आणि माझं पोट जरा आत घ्या, हा हा. बाकी एक नंबर.”

“चुकलंच माझं,” मी म्हटलं. “लगेच काढून टाकते.”

“आणि ती पासपोर्टची कल्पना फारच छान! आपण मायग्रंट लोक. आपली खरी लक्ष्मी तीच.”

फोन ठेवला. मी सोंड डावी केली. चपला काढल्या, वाती पाच केल्या. पोट आत घेतलं.

लक्ष्मीपूजन शनिवारी होतं, चौदा नोव्हेंबर. संध्याकाळी सहाला झूमवर एकशे चाळीस घरं. पैठण्या, आकाशकंदील, मागे दडवलेले कपड्यांचे ढीग. जयप्रकाशनं भाषण केलं, संकटात मंडळ कसं एक कुटुंब झालं वगैरे. मग त्यानं अंक उघडला आणि मुखपृष्ठ सगळ्यांच्या स्क्रीनवर आलं. त्याचा स्वतःचा चौकोन कोपऱ्यात बारीक झाला.

“शामलाकाकू, खास तुमच्यासाठी,” तो म्हणाला. “बघा आता.” आणि त्यानं स्वतःच्या हातानं चित्र मोठं केलं. आणखी मोठं. “सोंड डावी आहे की नाही?”

एकशे चाळीस स्क्रीनवर हाताएवढी सोंड आली. आणि तिच्या शेजारी, तेवढाच मोठा, पासपोर्ट.

“सोंड झाली बरं का,” काकू चष्मा पुढे-मागे करत म्हणाल्या. “पण हा पासपोर्ट कुणाचा? सु... रे... खा. जयप्रकाश, तुमच्याकडे सुरेखा कोण?”

“ते... वहिनींची कल्पना आहे, काकू. प्रतीक आहे.”

“प्रतीक असू दे. लक्ष्मीपुढे आपलं मांडतात, दुसऱ्याचं नाही. जिचा असेल तिला देऊन टाका आधी.”

काकूंना खरोखर काही माहीत नव्हतं. त्या नियम सांगत होत्या.

आणि तेव्हाच, सहा वीसला, रोजच्या वेळेला, त्या बारक्या चौकोनात डावीकडून हात आला. कप घेऊन. एकशे चाळीस घरांनी आधी स्क्रीनवरचा हात पाहिला, मग चौकोनातला. मी म्यूट काढलं.

“सुरेखा,” मी म्हटलं, “कप ठेव आणि समोर ये.”

कप बशीवर वाजला. हात तसाच थांबला. मला वाटलं, मागे जाणार. मग हातामागून पदर आला, खांदा आला, आणि सुरेखाचा चेहरा आला, घामेजलेला, एका गालाला बेसन लागलेलं.

“ही का सुरेखा?” काकू म्हणाल्या. “अगं, तुझा का तो पासपोर्ट?”

“होय जी.”

“मग मागून घे की.”

“मागितला होता,” सुरेखा म्हणाली. “चारदा.”

झूमवर शांतता झाली की कुणाचा तरी फ्रिज ऐकू येतो. तो आला. “नेटवर्कचा काहीतरी...” असं म्हणून जयप्रकाशनं व्हिडिओ बंद केला. गडबडीत माइक मात्र चालूच राहिला. त्यामुळे पुढचं आम्ही सगळ्यांनी फराळाच्या ताटांवर बसून ऐकलं. आधी त्याचा आवाज : “तूच म्हणालीस ठेवून घ्या.” मग विशाखाचा : “द्या तो तिला. लोक ऐकतायत. द्या म्हणते ना!” मग कपाटाच्या किल्ल्या. मग कपाटाचं दार, करकरत.

मी दाराचा तो आवाज आजही कधीही आठवू शकते. गोड पदार्थासारखा आठवते, थोडा थोडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरुण आणि मी तिला घ्यायला गेलो. जयप्रकाश बाहेर आला नाही. विशाखानं दारातूनच बॅग पुढे केली. “मृदुलाताई, तुम्ही खासगीत बोलला असतात तर...”

“एप्रिलमध्ये बोलले होते,” मी म्हटलं. “तुला आठवत नसेल.”

सुरेखा नऊ दिवस आमच्याकडे राहिली. तिला मी चहा करू दिला नाही, त्यावरून आमची रोज भांडणं झाली. स्खिपोल विमानतळावर आत जाताना तिनं वळून पासपोर्ट उंच धरून दाखवला, चिठ्ठीची बाजू माझ्याकडे करून. एन्कार्नाला सगळं सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “आनंद झाला?”

“खूप.”

तिनं टोपली भरली. आत एक कुत्रा होता, लाल फुलीसकट. तो मी फ्रेम करून दारासमोर लावलाय.

जयप्रकाश अजून अध्यक्ष आहे. अशी माणसं एका संध्याकाळीत उतरत नाहीत. पण मीटिंगला त्याचा चौकोन उघडला की सगळ्यांची नजर आपोआप डाव्या कडेला जाते. तिथून आता काही येत नाही. सहा वीस झाले की तो स्वतः उठून चहा आणायला जातो, आणि साठ घरं त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतात. मागच्या महिन्यापासून त्यानं कॅमेरा बंद ठेवायला सुरुवात केलीय.

अरुणचं कॉन्ट्रॅक्ट अर्थातच रिन्यू झालं नाही. फेब्रुवारीत त्याला नायमेखनला काम मिळालं, पगार थोडा कमी. “सोंड डावी केलीस तिथेच थांबायचं होतंस,” तो म्हणाला, आणि मग बराच वेळ हसत बसला.

त्याआधी, डिसेंबरच्या सतरा तारखेला, सुरेखाच्या फोनवरून फोटो आला. माहेरचं दार उघडं, उन्हात एक बाळ, आणि त्याच्या डोक्याखाली तो हात.

त्याच आठवड्यात मंडळाचं पत्र आलं : मुखपृष्ठामुळे अध्यक्षांची बदनामी झाली आहे, सबब लेखी माफीनामा द्यावा. मी दिला. कागद चांगला घेतला, शाई काळी घेतली.

‘मूळ चित्रात गणपतीची सोंड उजवीकडे वळवल्याबद्दल, पूजेत चपला व चार वाती दाखवल्याबद्दल मी समितीची, विशेषतः शामलाकाकूंची, मनापासून क्षमा मागते. या चुका वेळीच सुधारल्या आहेत. बाकी चित्र बरोबर आहे.’

खाली सही केली, आणि सहीशेजारी, भिंतीशी तंगडी वर केलेला, एक लहानसा कुत्रा काढला.